सर्पदंशावरचा माझा लेख आणि इतर मिळकत यांबाबत

आधी घडले ते, क्रमाने.

१. २०१८ साली मी सर्पदंशाच्या रुग्णांचा अभ्यास केला. फुरसे किंवा घोणस चावल्यावर काहींची मूत्रपिंडे निकामी होतात. कोणाला हा धोका आहे, हे लघवीतल्या एका प्रथिनावरून आधी ओळखता येते असे त्यात दिसले.

२. त्या प्रथिनाची चाळीस ही पातळी मी धोक्याची रेषा धरली. चाळीसच्या खाली असलेल्या रुग्णाला घरी पाठवायला हरकत नाही, असे लेखात लिहिले. लेखक दोन : मी आणि माझे मार्गदर्शक डॉ. शिवराज वालूरकर.

३. माझे सर्व रुग्ण शहरातल्या मोठ्या दवाखान्यांत दाखल झालेले होते. साप चावल्यावर इकडेतिकडे फिरून, बऱ्याच तासांनी पोहोचलेले. तोवर पातळी चढलेली असते.

४. लेखाला आजवर सहाशे चाळीस सायटेशन, म्हणजे इतर लेखांतले हवाले, मिळाली.

५. ती संख्या पाहून एका समितीने गावाकडच्या डॉक्टरांसाठीच्या उपचारपुस्तिकेत चाळीसची रेषा छापली.

६. माझी विद्यार्थिनी अदीबा इब्राहीम बागवान हिने सोयगाव तालुक्यात, साप चावल्यावर लवकर पोहोचलेल्या रुग्णांचे नमुने घेतले. त्यांच्यासाठी रेषा पंधरावर हवी.

७. हे तिने मला नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले.

८. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती छापायला चालली आहे. समिती दुरुस्त्या १५ जानेवारी २०२६ पर्यंत घेईल. रेषा अजून चाळीसच आहे.

मी, डॉ. संस्कृती काकासाहेब सोळुंके, वय ३३, व्यवसाय नोकरी, राहणार गारखेडा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. १९ जानेवारीला माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. त्यात दगावण्याचा धोका दोन टक्के, असे सर्जननी सांगितले. मी तो आकडा इतर अभ्यासांशी ताडून पाहिला, बरोबर आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. त्याबद्दल डॉ. फहमिदा सिद्दिकी यांचा दाखला जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. मी नोकरी करते त्या संस्थेचे नाव वकिलांच्या सल्ल्याने लिहीत नाही.

कलम १. घर

गारखेड्यातला माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आईवडिलांना, दोघांच्या नावे. त्यावरचे कर्ज विम्यातून फिटेल, कागद कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. पार्किंगची माझी जागा समोरच्या वाण्याने टेम्पो लावून अडवली आहे. तीन वर्षे मी काही बोलले नाही. माझ्या वारसांनी बोलावे.

कलम २. शिल्लक

बँकेतली शिल्लक एकट्या आईला. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यातून फ्लेक्स छापू नये. हे मी गमतीने लिहीत नाही. मला सहयोगी प्राध्यापकपद मिळाले तेव्हा त्यांनी सोयगावच्या बसस्टँडसमोर माझा फोटो लावला. खाली ‘एच-इंडेक्स २३’ असे हातभर अक्षरांत. आईने विचारले, हे काय असते? नाना म्हणाले, “काईतरी चांगलंच असंल. येवढं मोठं छापलंय.” तो फ्लेक्स अजून त्यांच्या गच्चीवर वाळवणाखाली अंथरतात. तो फाडून टाकावा. वाळवणासाठी आईला ताडपत्री घेऊन द्यावी.

कलम ३. अवजारे

प्रयोगशाळेत थेंब मोजून घ्यायच्या पिपेटचा माझ्या मालकीचा संच अदीबाला. त्यातली सर्वांत लहान पिपेट माझ्या सहकारी डॉ. करुणा यांच्याकडे आहे. ‘दोन दिवसांसाठी’ नेली होती. ती मागून घ्यावी. त्या हसून टाळतील. तरी मागावी. स्कूटी माझा भाऊ शिवम याला. हेल्मेटसह, आणि हेल्मेट घालण्याच्या अटीवर.

कलम ४. शोधनिबंध

माझ्या नावावर एकतीस शोधनिबंध आहेत. त्यांतले नऊ मी केले. बाकीच्यांत कुठे मी नमुने मोजून दिले, कुठे भाषा नीट केली, आणि काही मी छापून आल्यावर पाहिले. दुसरा संशोधक आपल्या लेखात आपला हवाला देतो, त्याला सायटेशन म्हणतात. बढती, अनुदान, व्याख्यानांची बोलावणी, सर्व त्या संख्येवर आणि तिच्यावरून काढलेल्या एच-इंडेक्सवर चालते. नाना निवृत्त तलाठी. त्यांना समजावले तेव्हा ते म्हणाले, “म्हंजी साक्षच की. तू बोललीस ते खरं हाय म्हनून लोकांनी दिलेली.” मी हो म्हणाले. तेव्हापासून फोनवर पहिला प्रश्न, “आता किती झाले साक्षीदार?” मी आकडा सांगते. ते तो आईला मोठ्याने सांगतात.

हा आकडा कसा झाला ते नोंदवते. आमच्याकडे भिशी आहे. पैशाची नव्हे, हवाल्यांची. चार संस्थांतले अकरा जण. महिन्याच्या पहिल्या शनिवारी वालूरकर सरांच्या केबिनमध्ये चहा, खारी आणि स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या. ज्याची चिठ्ठी निघेल त्याचा एक लेख, त्या महिन्यात लिहिणाऱ्या प्रत्येकाने हवाल्यात घालायचा. वाचलाच पाहिजे असे नाही. शंका मात्र घ्यायची नाही. मी एकदा विचारले की एखाद्या लेखात चूक दिसली तर? सर म्हणाले, “भिशीच्या नोटा उजेडात धरून बघायच्या नसतात गं.” सगळे हसले. मीही हसले.

माझे नाव पहिल्यांदा निघाले तेव्हा करुणा मॅडम ओरडल्या, “निघाला बाई साप डब्यातून!” पुढे तीच पद्धत पडली. माझी चिठ्ठी निघाली की कोणीतरी म्हणायचे, “सापाला दूध पाजा रे,” आणि मी सगळ्यांसाठी कचोरी मागवायची. मला ते आवडायचे. खेड्यातून आलेल्या मुलीचे नाव अकरा जणांच्या तोंडी होते.

गेल्या महिन्यात, डिसेंबरात, सुट्टी घेऊन मी सहाशे चाळीसही लेख वाचले. निम्म्याहून जास्त भिशीतले, किंवा भिशीतल्यांचे पाहून इतरांनी उतरवलेले. ती तपासणी प्रत्यक्ष करून पाहिलेले फक्त सात. त्या सातांतल्या तिघांनी रेषा खाली आणली आहे, पण माझी चुकली असे कोणी म्हटलेले नाही. समितीने सात पाहिले नाहीत. सहाशे चाळीस पाहिले.

माझी चाळीसची रेषा खोटी नव्हती. शहरात उशिरा पोहोचलेल्यांसाठी ती आजही जवळपास बरोबर आहे. नमुने कोणाचे घेतले हे लेखात लिहिलेले आहे, चौथ्या पानावर, एका वाक्यात. ते कोणी वाचत नाही हे मला ठाऊक होते, कारण मीही इतरांची चौथी पाने वाचत नव्हते.

कलम ५. अदीबा

अदीबा पडेगावला राहते. तिचे वडील सुतारकाम करतात. दोन हंगाम, कापूस वेचणीच्या दिवसांत, ती सोयगाव तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांत जाऊन बसली. मला हे काम कधी सुचले नव्हते. मी त्याच तालुक्यातली आहे.

पहिल्यांदा आलेख घेऊन आली तेव्हा दारातच उभी राहिली. “मॅडम, एक बार देख लेव. लोक लवकर आले तर चाळीस चालतच नाही.”

“नमुने कमी आहेत. अजून घे,” मी म्हणाले.

तिने घेतले. जानेवारी संपता संपता पुन्हा आली. रेषा हलली नव्हती. मी म्हणाले, “अजून एक हंगाम घे.”

“साप तो काटतेच रहेंगे मॅडम,” ती म्हणाली, “मेरेकू कायकी जल्दी.”

हे ती हसून म्हणाली. मी कामात असल्यासारखे केले.

दुरुस्ती द्यावी का, हे विचारायला मी सरांकडे गेले. सरांनी दार लावून घेतले. “संस्कृती, बाळा, तिचा लेख आपण अडवतोय का? नाही ना? येऊ दे की. आपण होऊन दुरुस्ती द्यायची नाही, एवढंच. तुझी बढती होऊ दे. मी पुढच्या वर्षी जूनमध्ये निवृत्त होतो. आपल्या लेखावर उभे असलेले भिशीतले किती लेख आहेत, मोजलेस का? सगळ्यांना खुलासे द्यावे लागतील.” मग म्हणाले, “आपण कुणाचं चोरलंय का? एकमेकांना हात दिला.”

सर वाईट नाहीत. पिपेट कशी धरायची हे त्यांनी मला माझा हात धरून शिकवले. माझ्या झडपेचा दोष कळला तेव्हा पहिल्या तपासणीला तेच गाडी घेऊन आले होते आणि बाहेर बाकावर बसून राहिले. म्हणून त्यांचे ऐकणे सोपे गेले. त्याचा दोष मी त्यांच्यावर टाकत नाही.

जुलैत अदीबाने लेख एका लहान नियतकालिकाकडे पाठवला. रीतीप्रमाणे मार्गदर्शक म्हणून माझे नाव घालण्याची तिने परवानगी मागितली. मी म्हणाले, “माझं नको.” न केलेल्या कामांवर माझे नाव आहे. जे माझ्या डोळ्यांसमोर नीट झाले, त्या एका कामावर मी ते घालू दिले नाही. ती “ठीक है मॅडम” म्हणाली आणि गेली. तिचा लेख छापून आला, त्याला आज शून्य सायटेशन आहेत. त्यानंतर माझे दोन लेख आले. दोन्ही वेळा हवाल्यांत मी तिचे नाव लिहिले आणि पाठवण्याआधी काढले.

कलम ६. सरूबाई

गेल्या नोव्हेंबरच्या शेवटी नाना एका बाईंना माझ्या घरी घेऊन आले. आमच्या गावाजवळच्या सरूबाई, वय पंचेचाळीसच्या आसपास. त्यांना ऑक्टोबरात कापूस वेचताना फुरसे चावले. तासाभरात त्या एका आरोग्य केंद्रात पोहोचल्या, लस मिळाली. पातळी बावीस आली. घरी पाठवले. पुढच्या आठवड्यात लघवी बंद झाली. आता डायलिसिससाठी शहरात येतात. त्या दिवशी एसटीला वेळ होता, म्हणून नाना त्यांना घेऊन आले. आणि मला वाटते, लेक दाखवायलाही.

“ही आपली संस्कृती,” नाना म्हणाले. “सापाचं पुस्तक हिच्यावरनंच छापलंय.”

“व्हय का बाई,” सरूबाई म्हणाल्या. “त्या डाक्टरनं दावलं व्हतं मला ते पुस्तक. म्हनला, बावीस हाय, चाळिसाच्या आत हाय, जावा घरला. पोरगंच हाय ते. पुस्तकात हाय म्हनल्यावर ते तरी काय करन?” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मंग माझं काय चुकलं वो? मी तर लगीच गेल्ते. लोक आधी मंतरायला जातेत. म्या नाय गेले. उशीर नाय केला.”

उशीर केला असता तर पातळी चढली असती आणि त्यांना ठेवून घेतले असते. हे उत्तर मला ठाऊक होते. मी विचारले, “चहा घेणार का?”

“अर्धा कप. माझं पानीबी आता मापावर हाय बाई.”

हेही मला आधी आठवायला हवे होते. मी अर्धा कप दिला. नाना मधेच म्हणाले, “आता किती झाले गं साक्षीदार? सांग की हिला.” मी म्हणाले, बघितले नाहीत.

एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही. लवकर कळले असते तर त्यांची मूत्रपिंडे वाचलीच असती असेही छातीठोक सांगता येत नाही. ही वाक्ये शास्त्राला धरून आहेत. त्या दिवसापासून मी ती रोज स्वतःला म्हणून पाहते, आणि एकाही दिवशी ती पुरली नाहीत. सरूबाईंना फुरसे चावले तेव्हा अदीबाने मला सांगितल्याला अकरा महिने होऊन गेले होते.

कलम १ मधल्या घराची पुढची खोली सरूबाईंना डायलिसिसच्या दिवसांत मुक्कामासाठी खुली राहील, त्यांना गरज असेल तोवर. आईवडिलांवर हे बंधन आहे. ही भरपाई नाही. शेवटची एसटी चुकते आणि त्या बसस्टँडवर झोपतात, म्हणून.

कलम ७. (रद्द)

इथे पहिल्या मसुद्यात असे होते : माझ्या मृत्यूनंतर माझे दुरुस्तीपत्र नियतकालिकाच्या संपादकांना पाठवावे. रेषा चुकीची का, हे त्यात दीड पानात मांडले आहे. पत्र सही करून तयार आहे.

हा मसुदा मी अदालत रोडवर अ‍ॅड. गोकुळ जंजाळ यांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सातवे कलम दोनदा वाचले.

“पत्र तयार आहे म्हणता?”

“हो.”

“सही?”

“केली आहे.”

“मग धाडून द्या ना ताई. मृत्युपत्र माणूस गेल्यावर चालू होतं. ऑपरेशन चांगलं झालं तर या कलमाचं काय करायचं?”

मी कागद माझ्याकडे फिरवून ते कलम पुन्हा वाचले.

“म्हणजे तुम्ही गेल्या तर लोकायला पंधरा, अन् जगल्या तर चाळीसच. असंच ना?”

“तसं नाही.”

“कागदावर तर तसंच हाय. मी आपला कागद वाचतो.” आणि त्यांनी चहा सांगितला.

मी वाचण्याची शक्यता अठ्ठ्याण्णव टक्के आहे. म्हणजे दुरुस्ती न जाण्याचीही मी तितकीच ठेवली होती. टक्केवारी माझा रोजचा विषय आहे आणि हे मला दुसऱ्याने दाखवून द्यावे लागले. मेल्यावर खरे बोलण्याची व्यवस्था मी व्यवस्थित, कलमवार केली होती. ते कलम लिहिताना मला हलके वाटले होते, याची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

कलम ७ रद्द. पत्र मी आज, ५ जानेवारी रोजी सकाळी संपादकांना पाठवले. त्यात अदीबाच्या लेखाचा हवाला पहिला आहे. समितीलाही कळवले. दोघांची उत्तरे दुपारी आली. समितीला संपादकांनी मान्य केलेली दुरुस्ती लागते. संपादक म्हणतात, दोन्ही लेखकांची लेखी संमती असेल तर दोन दिवसांत मान्य करू. दुसऱ्या लेखकाचा विरोध असेल किंवा उत्तरच नसेल, तर चौकशी लावावी लागेल आणि तिला काही महिने जातील. तोवर समितीची १५ जानेवारीची मुदत टळून पुस्तिका छापून वाटली जाईल.

कलम ८. पुढचा अधिकार

दुरुस्ती प्रसिद्ध होण्याआधी माझा मृत्यू झाला, तर या लेखाचा पत्रव्यवहार अदीबाने पाहावा. तिला आधी विचारले आहे. ती चिडली. “ऑपरेशन करके आव पहले. वसीयत में मेरेकू कायकू डालते?” मी म्हणाले, दुरुस्ती तू लिहिलीस तरी चालेल, काम तुझे आहे. त्यावर म्हणाली, “मैं लिखी तो कौन मानेगा मॅडम? मेरा तो शून्य है. तुमच्याच नावानं जाऊ द्या.” मग जाता जाता, “पर मेरा हवाला रखना हाँ इस बार.” मला माफ केले का हे मी विचारले नाही. तिला उत्तर द्यावे लागले असते.

कलम ९. किरकोळ

शोकसभा घेतल्यास तिथे माझी सायटेशन आणि एच-इंडेक्स वाचून दाखवू नये. माझी चिठ्ठी भिशीच्या डब्यातून काढून टाकावी. जगले तर मीच काढीन. नानांना हे सर्व मी उद्या सोयगावला जाऊन, समोर बसून सांगणार आहे. त्यांनी ते या कागदातून वाचू नये.

या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून भाऊ शिवम काकासाहेब सोळुंके याची नेमणूक करते.

वरील सर्व वाचून, कलम ७ मधल्या जुन्या मजकुरावर रेघ मारून आणि रेघेवर आद्याक्षरे करून, पुढील दोन साक्षीदारांच्या समक्ष सही केली. दोघींनीही माझ्या समक्ष सह्या केल्या. दोघींनाही यात काही मिळत नाही.

(सही) संस्कृती का. सोळुंके

साक्षीदार :
१. (सही) डॉ. फहमिदा सिद्दिकी, वैद्यकीय व्यवसाय, गारखेडा
२. (सही) वच्छलाबाई धोंडिबा तायडे, शेजारी, गारखेडा

ठिकाण : छत्रपती संभाजीनगर
दिनांक : ५ जानेवारी २०२६

प्रत : डॉ. शिवराज वालूरकर यांना, पुढील कार्यवाहीसाठी.

सर, यात तुमच्याबद्दल जे लिहिले आहे ते तुम्ही माझ्या मागे नाही, मी असताना वाचावे, म्हणून पूर्ण प्रत पाठवत आहे. कुठे चुकीचे वाटले तर दुरुस्त करून कळवा. दुरुस्तीला संमती देण्याचा नमुना सोबत आहे. एका ओळीचा आहे. संमती असेल तर सही करून, नसेल तर तसे लिहून, पण उत्तर द्यावे. सोमवार, १२ जानेवारी, संध्याकाळी पाचपर्यंत मला ते हवे आहे.